अकरावर थांबलेली नदी

पुलाखाली उतरायला तेवीस पायऱ्या आहेत आणि त्यातल्या सतराव्या पायरीचा कोपरा उडालेला आहे. ही गोष्ट नदीच्या कार्यालयात एकाच माणसाला ठाऊक होती, आणि त्या माणसाला कार्यालयात कोणी काही विचारत नसे. तिला सगळे पट्टीबाई म्हणत.

पायऱ्यांलगतच्या खांबावर उभी पांढरी पट्टी रंगवलेली आहे, तिच्यावर काळ्या रेघा आणि आकडे. रोज सकाळी आठ वाजता पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते बघायचं आणि रजिस्टरात लिहायचं, एवढंच पट्टीबाईचं काम. एवढंच, असं म्हणायला काही जात नाही. पाणी काही फोटो काढायला बसल्यासारखं स्तब्ध राहत नाही. ते पट्टीवर चढतं, घसरतं, परत चढतं. पट्टीबाई एक हात खांबाला धरून इतकी वाकायची की नाकाला पाणी लागेल. पाच श्वास मोजायची, वरचा आकडा बघायची, खालचा बघायची आणि मधला लिहायची. काल ब्याण्णव होतं आणि आजही ब्याण्णवच असलं, तरी पुन्हा ब्याण्णवच लिहायची. एकोणीस वर्षं. पोरीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा बाई आठ वाजता पायऱ्यांवर होती आणि साडेनऊला मांडवात. नव्या साडीचा काठ चिखलाने भरलेला, त्यावरून विहीणबाईंनी काय ते बोलून घेतलं.

हे काम तिच्याकडे सासऱ्यांकडून आलेलं. मामंजींनी तीच पट्टी एकतीस वर्षं वाचली होती. निवृत्त झाले तेव्हा कार्यालयाने त्यांना सोनेरी चौकटीतलं मानपत्र दिलं: एकतीस वर्षांत वाचनाचा एकही दिवस न चुकता. मामंजी जाऊन नऊ वर्षं झाली, पण मानपत्र बाहेरच्या खोलीत दारासमोरच टांगलेलं आहे. सासूबाई रोज सकाळी ते स्वतः पुसतात, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. घरात काही वाद निघाला की पट्टीबाईचा नवरा त्या चौकटीकडे बोट दाखवायचा. पंप दुरुस्त करणारा माणूस तो, बोलणं कमीच, पण बोट फार.

तर असं सगळं बरं चाललेलं असताना कार्यालयात तयारसर आले.

ते मोठ्या तांत्रिक महाविद्यालयात शिकवायचे. कार्यालयातल्या लोकांना नवं गणिताचं सॉफ्टवेअर शिकवायला त्यांना बोलावलं होतं. तयारसर हे नाव पहिल्या तासाभरातच पडलं, कारण त्यांच्या तोंडी दुसरा शब्दच नव्हता.

"कुठे काही शोधायला जायची गरज नाही," पडद्याकडे हात करून ते म्हणाले. "कंपनीने सगळी माहिती आतच भरून दिली आहे. देश, शहरं, धातू, ग्रह, पक्षी. नुसतं नाव टाका. तयारच आहे!"

त्यांनी काहीतरी टाइप केलं आणि मंगळाला चंद्र दोन, असं पडद्यावर उमटलं. तयारसरांनी वळून सगळ्यांकडे असं बघितलं, की जणू ते दोन चंद्र ह्यांनीच शिडी लावून टांगले होते. मग सोनं किती अंशांवर वितळतं ते काढलं, जिराफाचं आयुष्य काढलं, कुठल्याशा बेटावर किती माणसं राहतात ते काढलं. मागच्या बाकावर बसलेली पट्टीबाई मनात म्हणाली, जिराफ ह्यांनी बघितलाय का कधी? पण बोलली नाही. मागच्या बाकावरच्यांनी बोलायचं नसतं.

"आणि आता तुमचीच नदी," तयारसर म्हणाले. "तीही आत आहे."

हे मात्र पट्टीबाईला नवीन होतं. तिची रजिस्टरं दर वर्षअखेर मुख्य कार्यालयात जातात हे तिला माहीत होतं. तिथे ओळींच्या हिशोबाने कामाला घेतलेली माणसं ते आकडे यंत्रात भरतात, असं तिने ऐकलं होतं. तिथून ते जगभरच्या नद्यांच्या मोठ्या संग्रहात जातात आणि तो संग्रह ह्या सॉफ्टवेअरच्या पोटात जाऊन बसलाय, हे तिला आज कळलं. तिची मान जराशी उंच झाली. आपलं ब्याण्णव मंगळाच्या चंद्रांच्या शेजारी!

तयारसरांनी पन्नास वर्षांची नदी पडद्यावर मांडली. कुठली पातळी किती दिवस होती, त्याचे उभे खांब. सगळे खांब गुडघ्याएवढे, आणि डावीकडे एकच खांब छताला टेकलेला.

"हा बघा," तयारसर आवाज खाली आणून म्हणाले. "अकरा. ही नदी हजारो दिवस बरोब्बर अकरा सेंटिमीटरवर स्थिर राहिलेली आहे. ना दहा, ना बारा. वरच्या अंगाला जमिनीखाली नैसर्गिक झडपेसारखं काहीतरी असणार, जे पाणी अकरावर धरून ठेवतं. मी ह्याला अकरा-स्थैर्य म्हणतो. माझा निबंध तयारच आहे."

लोकांनी माना हलवल्या. समजलं नाही की माना जास्त जोरात हलतात.

"पण," तयारसरांनी चष्मा काढला, "एकोणीस वर्षांपूर्वी हा अकरा अचानक गायब होतो. त्यानंतर एकदाही नाही. नदी अशी बदलत नसते. म्हणजे वाचणारा बदलला."

मग सगळ्या माना मागच्या बाकाकडे वळल्या.

पट्टीबाई उभी राहिली. "सर, अकरा तिथे दिसतच नाही. पट्टीचा खालचा भाग गाळात गेलाय. चाळीसच्या खालचा एक आकडा मी जन्मात बघितलेला नाही. चला, दाखवते. तेवीस पायऱ्या आहेत."

तयारसरांनी आपल्या बुटांकडे बघितलं. बूट नवे होते.

"गरज नाही," ते म्हणाले. "गाळ नंतर आला असेल. ही तुमची व्यक्तिगत माहिती झाली, बाई. संग्रहात तसं नाही."

पन्नास पावलांवर नदी वाहत होती. खिडकी उघडली असती तर तिचा आवाजही आला असता. पण पंखे चालू होते म्हणून खिडकी बंद होती.

सोमवारी हे झालं आणि मंगळवारी कार्यालयाच्या मॅडमनी पट्टीबाईला आत बोलावलं. मॅडम वाईट नव्हत्या, फक्त घाईत असायच्या. त्यांनी कागद पुढे सरकवला. वाचनदोष असल्याने मागील एकोणीस वर्षांची नोंद संग्रहातून वगळण्यात यावी व वाचनाचे काम अन्य व्यक्तीकडे सोपवावे. खाली सहीला जागा.

"शुक्रवारपर्यंत सही करा," मॅडम म्हणाल्या. "नोकरी जात नाहीये तुमची. टपालात बसवू तुम्हाला. सावलीत."

"मॅडम, मी चुकीचं वाचलेलं नाही."

"अहो, मी कुठे म्हणते? सर म्हणतात. आणि तुमच्याच सासऱ्यांच्या आकड्यांवरून म्हणतात. त्यांना तर आपणच मानपत्र दिलंय. आता काय, ते चुकले म्हणायचं?"

पट्टीबाई कागदाची घडी करून घरी आली. नवऱ्याने कागद वाचला आणि चौकटीकडे बोट दाखवलं. "बाबांना दिसायचं ते तुला दिसलं नाही, असं असेल. करून टाक सही. टपालात पंखा आहे."

टपालात पंखा आहे! एकोणीस वर्षं पाण्यावर नाक टेकवलं, आणि घरच्या माणसाला त्यातून एवढंच कळलं.

बुधवारी दुपारी पट्टीबाई स्वयंपाकघरातली फडताळं आवरायला बसली. राग आला की ती फडताळं आवरायची, त्यामुळे लग्नाच्या पहिल्या वर्षी फडताळं आरशासारखी लखलखीत होती. मिठाचा डबा उचलला, तर खालचा कागद ओशट होऊन फळीला चिकटलेला. सासूबाईंनी जुने जाड कागद घालून ठेवलेले. नखाने खरवडून काढताना तिचं लक्ष गेलं. रजिस्टराच्या पानाची कार्बनवरची प्रत होती ती. अक्षर मामंजींचं, वळणदार, प्रत्येक तारखेला शेपूट.

एका तारखेसमोर 87. त्याखालच्या तारखेसमोर दोन उभ्या काड्या. त्याखाली पुन्हा दोन काड्या. त्याखाली पुन्हा. सहा दिवस काड्या, मग 85. मग परत काड्या.

वरचंच खाली, म्हणून दोन काड्या. दुकानदार ओढतात, शाळेतली पोरं ओढतात. रजिस्टरात आकडे इंग्रजीत लिहायचे, आणि इंग्रजी एक म्हणजे नुसती उभी काडी. मुख्य कार्यालयातला ओळींच्या हिशोबाने बसलेला माणूस, त्याने नदी बघितलेली नाही, पुढे ढीग पडलेला. त्याला दोन काड्या दिसल्या, त्याने दोन एक मारले. अकरा. पुढची ओळ. अकरा.

पट्टीबाई मिठाचा डबा मांडीवर घेऊन तशीच बसली. आधी तिला हसू आलं. तयारसरांची झडप, जमिनीखालची, ती ही! मिठाच्या डब्याखालची!

पण पान उलटलं तेव्हा हसू गेलं. मागच्या पानावर सबंध महिनाभर काड्याच काड्या. नदी कोरड्या दिवसांत स्वस्थ असते हे खरं, पण पट्टी रोज वाचणाऱ्याला ती इतकी स्वस्थ कधी दिसत नाही. एखादा सेंटिमीटर इकडे, एखादा तिकडे, काहीतरी चुळबुळ असतेच. एवढ्या काड्या ओढणारा माणूस रोज खाली उतरत नव्हता. म्हणजे मामंजी. म्हणजे ती चौकट. हा कागद कार्यालयात नेला तर आपली एकोणीस वर्षं वाचतात आणि त्यांची एकतीस जातात. आणि सासूबाई उद्या सकाळी फडकं घेऊन काय पुसतील?

तिने कागद होता तसा घातला आणि डबा वर ठेवला. टपालात पंखा आहे, ती स्वतःशीच म्हणाली.

"काय गं, काय सापडलं डब्याखाली? झुरळ?"

सासूबाई दारात उभ्या होत्या. ऐंशी ओलांडलेल्या, पण कोणी डबा उचलून परत ठेवला तर आवाजावरून त्यांना कळायचं, कुठला डबा ते.

"काही नाही, कागद आहे."

"मीच घातलाय. जाड आहे चांगला. त्या कार्यालयाचं एवढंच काय ते कामाला आलं." त्या खाली बसल्या. "तोंड का पडलंय? परवापासून बघतेय. आणि फडताळ तर गेल्याच आठवड्यात आवरलंस."

पट्टीबाईने सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण सासूबाईंपुढे ठरवलेलं टिकत नसे. तिने सोमवारपासूनचं सगळं सांगितलं, तयारसर, छताला टेकलेला खांब, सहीचा कागद. मग डबा उचलून काड्या दाखवल्या आणि हळू आवाजात म्हणाली, "सासूबाई, मामंजी रोज उतरत नसावेत. मी हे कोणाला सांगणार नाही. तुम्ही काळजी करू नका."

सासूबाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ आणला.

"ह्या त्यांच्या नव्हेत," त्या म्हणाल्या. "माझ्या आहेत."

"काय?"

"काड्या. माझ्या. ह्यांची काडी अशी वाकडी कशाला येईल? ह्यांचं अक्षर केवढं सुरेख. सगळा जीव अक्षरातच होता."

"म्हणजे तुम्ही उतरायचात?"

"मग कोण उतरणार? पहिली तीन-चार वर्षं गेले ते. मग गुडघे धरले. बाजारात जाताना बरे असायचे गुडघे, पायरीवरच धरायचे. ते वर कट्ट्यावर बसायचे, रजिस्टर मांडीवर घेऊन, ऐटीत. पुलावरून जाणारा मान लववायचा. मी खाली. मला आकडे कुठे येतात? शाळेत दोन महिने गेले, तेही मास्तरांच्या घरचं पाणी भरण्यात गेले. पट्टीच्या शेजारी लोखंडी कडी आहे ना?"

"आहे. पंचाऐंशीला."

"असेल. मला आपली कडी. तिच्यापासून पाणी किती बोटं, ते बघायचं. कालच्याएवढंच असलं तर वर येऊन दोन काड्या ओढायच्या. तेवढं त्यांनी शिकवलं होतं, त्यासाठी कोणी त्यांना उठवायचं नाही. कमी-जास्त असलं तर बोटं दाखवायची, दोन वर, तीन खाली, मग ते आकडा लिहायचे. बोटाच्या आत हललं तर ते मी हललं धरत नव्हते. नदीने थोडं समजून घ्यावं की. तिकडे पोराला खोकला, इकडे भात करपतोय."

"एवढी वर्षं बोलला नाहीत!"

"कोणी विचारलं?"

हे उत्तर पट्टीबाईला फारच ओळखीचं वाटलं.

"पण मग ते मानपत्र रोज पुसता कशाला?" तिने शेवटी विचारलं.

"माझंच आहे ते," सासूबाई म्हणाल्या. "दुसऱ्याला का पुसू देऊ?" आणि कागदावरचं मीठ झटकत उठल्या. "शुक्रवारी मी येते तुझ्याबरोबर. त्या झडपवाल्याला बघायचंय मला."

शुक्रवारी मॅडमच्या खोलीत तयारसर आधीच बसलेले होते, पुढ्यात यंत्र उघडून. सासूबाईंनी मिठाचा कागद टेबलावर पसरला, तेव्हा त्यांनी खुर्ची थोडी मागे घेतली.

"आजी, हा कागद डागाळलेला आहे," ते म्हणाले. "आमच्याकडे ह्याच नोंदी स्वच्छ स्वरूपात आहेत."

"आजी मी माझ्या नातवंडांची," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही ते अकरा कोणाला विचारून बसवले, ते सांगा."

पट्टीबाईने काड्यांचा आणि डब्याचा सगळा प्रकार सांगितला. मॅडमनी कागद बघितला, पण तारखा अर्ध्या मिठाने खाल्लेल्या. सर, हे असं असू शकतं का, असं त्यांनी विचारलं. तयारसर हसले. इतक्या मोठ्या संग्रहात अशी बाळबोध चूक राहीलच कशी, तज्ज्ञ तपासतात, एका डब्याखालच्या कागदावरून जगाची माहिती बदलायची का, वगैरे.

"सर," पट्टीबाई म्हणाली. आज ती मागच्या बाकावर नव्हती, आणि तिथे बाकच नव्हता. "कागद राहू दे. तुमच्या यंत्रालाच विचारा. अकरा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी पाणी किती होतं, आणि अकरा संपल्यावर किती."

"ते कशाला?"

"तयारच असेल ना आत?"

मॅडमना घाई होती, पण हे ऐकून त्या जरा पुढे सरकल्या. "बघा ना सर, एकदा."

तयारसरांनी टाइप केलं. पडद्यावर ओळी उतरल्या. आदल्या दिवशी सत्त्याऐंशी, मग सहा वेळा अकरा, मग पंचाऐंशी. आदल्या दिवशी एकशे चार, मग नऊ वेळा अकरा, मग एकशे दोन. त्यांनी आणखी खाली सरकवलं. तेच. आणखी खाली. तेच.

मॅडमनी बोटाने ओळ धरली. "म्हणजे नदी एका दिवसात शहात्तर सेंटिमीटर खाली गेली, सहा दिवस तिथे बसून राहिली आणि सातव्या दिवशी चौऱ्याहत्तर वर आली? आणि असं दर दोन आठवड्यांनी? आणि गावात कोणाला कळलं नाही?"

"झडप..." तयारसर म्हणाले.

"झडप तर हिच्या घरात आहे, मिठाच्या डब्याखाली," मॅडम म्हणाल्या. "सर, तुम्ही ह्या ओळी कधी बघितल्या नव्हत्या?"

बघितल्या नव्हत्या. त्यांनी खांब बघितला होता. खांब उंच होता, आणि उंच गोष्टीखाली काय आहे हे बघायला वाकावं लागतं. त्यांनी मुकाट्याने मोजून बघितलं, तेव्हा चार हजार एकशे सोळा अकरा निघाले.

"चार हजार?" सासूबाईंनी विचारलं. "तेवढ्या वेळा उतरले मी? आणि बोटं दाखवली ते दिवस वेगळेच."

मॅडमनी सहीचा कागद फाडला नाही, कार्यालयात काही फाडत नाहीत. त्यांनी त्याच्यावर तिरपं रद्द असं लिहिलं आणि फाइलला लावला. एकोणीस वर्षं संग्रहात राहिली. पट्टीही पट्टीबाईकडेच राहिली.

तयारसरांचं काही बिघडलं नाही, अशांचं बिघडत नाही. दोन महिन्यांत त्यांचा नवा निबंध आला, जुन्या संग्रहातली दुहेरी रेघांची चूक सॉफ्टवेअरने कशी शोधून काढली ह्यावर. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, एका स्थानिक स्रोताचे आभार. पट्टीबाईने घरी वाचून दाखवलं.

"स्रोत म्हणजे काय गं?"

"झरा."

"मी झरा?" सासूबाई म्हणाल्या. "गुडघे बघ म्हणावं माझे. खरे दुखतात माझे."

पट्टीबाईच्या नवऱ्याने हे ऐकलं, सवयीने चौकटीकडे बोट केलं, आणि मग ते कशाला केलं ते न सुचून डोकं खाजवलं. मानपत्र काढून ठेवू का, असंही त्याने विचारलं. त्याला वाटत होतं, आता ते खोटं झालं.

"खोटं कसलं?" सासूबाई कडाडल्या. "वाच काय लिहिलंय ते. एकही दिवस न चुकता. चुकला का? खाली कोण उतरलं, ते त्यांनी लिहिलेलं नाही, तो त्यांचा अडाणीपणा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता पट्टीबाई पाण्यावर वाकलेली होती, पाच श्वास मोजत. वरून काठीचा आवाज आला. सासूबाई पहिल्या पायरीपाशी येऊन थांबल्या होत्या, मामंजी बसायचे त्या कट्ट्याला टेकून.

"किती आहे गं?"

"ब्याण्णव."

"आणि काल?"

"ब्याण्णवच."

"मग ओढ की दोन काड्या आणि ये वर. चहा निवतोय."

"नको, सासूबाई," पट्टीबाई खालून ओरडली, "हे लोक अकरा वाचतात!" आणि तिने ब्याण्णव लिहिलं, दोन्ही आकडे सुटे, ठसठशीत, शेपूट न काढता.